संगणकाचे कुलूप आणि त्याची किल्ली : मुक्तस्रोत प्रणाली व सुरक्षिततेचा प्रश्न

(ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गात झालेले भाषण)



आजच्या वर्गात मला जो विषय देण्यात आला आहे, तो वरवर पाहता केवळ संगणकतज्ज्ञांचा वाटेल. परंतु सकाळी चहाच्या वेळी एका सरपंचभगिनींनी मला जो प्रश्न विचारला, त्याने या विषयाचे खरे स्वरूप माझ्यापुढे उभे केले. त्या म्हणाल्या, "साहेब, आमच्या कार्यालयातला संगणक जुना झाला म्हणतात. नव्याला पैसे नाहीत. कोणी म्हणते लिनक्स घाला, फुकट मिळते. पण फुकटच्या कुलपावर गावाचे दप्तर सोपवायचे कसे?" हा प्रश्न शहाणपणाचा आहे. त्याचे उत्तर घाईने 'होय' किंवा 'नाही' असे देता येणार नाही. आज आपण त्याचाच सांगोपांग विचार करू.

प्रश्न आजच का उद्भवला?

आपल्या कार्यालयांतील व शाळांतील बहुसंख्य संगणक 'विंडोज' या प्रणालीवर चालतात. त्यापैकी 'विंडोज १०' या आवृत्तीस कंपनीकडून मिळणाऱ्या नियमित विनामूल्य सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. नोंदणी करून अथवा शुल्क भरून काही काळ जादा दुरुस्त्या मिळण्याची सोय कंपनीने ठेवली आहे. परंतु ती मुदतीची आहे, कायमची नव्हे. पुढील आवृत्ती, म्हणजे 'विंडोज ११', हिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था व तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. दहा वर्षांपूर्वी घेतलेले अनेक संगणक या अटींत बसत नाहीत. ते चालू आहेत, त्यांवर पत्रे टंकलिखित होतात, दाखले निघतात. मात्र त्यांच्या कुंपणाला पडलेले भगदाड बुजविण्यास मुदत संपल्यावर कोणी येणार नाही.

भगदाड बुजविले नाही तर काय होते, याचे उदाहरण पंचायतींपुरते बोलायचे तर फार दूरचे नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने सुमारे दीडशे देशांत धुमाकूळ घातला. संगणकातील सर्व कागदपत्रे कुलूपबंद करावयाची आणि किल्लीसाठी पैसे मागावयाचे, ही तिची रीत. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालये तीत सापडली, हे सर्वत्र छापून आले. पण त्याच लाटेत केरळातील वायनाड जिल्ह्यातील तरियोड ग्रामपंचायतीचे संगणकही सापडले. ज्या दोषातून ही आज्ञावली आत शिरत होती, त्यावरील दुरुस्ती दोन महिने आधी, म्हणजे मार्चमध्येच, उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती किंवा ज्यांची आवृत्ती इतकी जुनी होती की तिला दुरुस्तीच मिळत नव्हती, ते बळी पडले. पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या' नावाचा दुसरा हल्ला झाला आणि आपल्या उरण तालुक्यातील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील संगणक-सेवा कोलमडली आणि कित्येक दिवस नोंदी हाताने लिहाव्या लागल्या.

मित्रहो, खंडणीखोरास मोठे-लहान कळत नाही. ज्याचे दार उघडे, त्याच्या घरी तो शिरतो. नमुना नंबर ८ ची कर-आकारणी नोंदवही, जन्म-मृत्यूच्या नोंदी, विद्यार्थ्यांचे दाखले ही गावाची ठेव आहे. ती आपल्या हातून गहाळ झाली, तर एखाद्या वृद्धेचे निवृत्तिवेतन किंवा एखाद्या मुलाचा प्रवेश अडून राहील. म्हणून हा प्रश्न यंत्राचा नसून विश्वस्ताच्या कर्तव्याचा आहे.

मुक्तस्रोत म्हणजे काय?

प्रत्येक आज्ञावलीस एक मूळ मसुदा असतो. विंडोजसारख्या प्रणालीचा हा मसुदा कंपनीच्या मालकीचा असतो व तो सर्वसामान्यांस पाहता येत नाही. मुक्तस्रोत प्रणालीचा मसुदा मात्र कोणालाही वाचता येतो, तपासता येतो, आपल्या गरजेप्रमाणे बदलता येतो आणि इतरांस देता येतो. या विचारास संघटित रूप १९८३ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी दिले. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स' हा गाभा तयार केला आणि त्यावर पुढे उबुंटू, डेबियन, मिंट अशा अनेक प्रणाली उभ्या राहिल्या. आपल्या देशात 'सी-डॅक' या संस्थेने, जिचे मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे, 'बॉस' म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्यूशन्स ही प्रणाली सिद्ध केली. तिच्यात मराठीसह भारतीय भाषांची सोय आहे.

हे काही अपरिचित वा प्रयोगावस्थेतील साधन आहे, असे समजण्याचे कारण नाही. आपणांपैकी ज्यांच्या खिशात अँड्रॉइड फोन आहे, त्या सर्वांच्या खिशात लिनक्सचाच गाभा आहे. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांची जी यादी प्रसिद्ध होते, तीतील सर्वच संगणक २०१७ च्या अखेरीपासून लिनक्सवर चालत आले आहेत. मेजावरच्या संगणकावर मात्र ही प्रणाली आपल्याकडे कमी दिसते, आणि त्याचे एक कारण म्हणजे सुरक्षिततेविषयीच्या शंका. त्या तीन प्रकारच्या आहेत.

पहिली शंका : उघडे ते सुरक्षित कसे?

ज्या कुलपाची घडण सर्वांस ठाऊक, ते चोरासही ठाऊक नाही का, असे विचारले जाते. या शंकेचे उत्तर संगणकाहून जुने आहे. १८८३ मध्ये ऑगस्ट केरखॉफ्स या विद्वानाने लष्करी गुप्तलेखनाविषयी एक तत्त्व मांडले. गुप्त ठेवायची ती किल्ली. यंत्राची रचना शत्रूच्या हाती पडली तरी व्यवस्था टिकली पाहिजे, असा त्याचा आशय. जे कुलूप केवळ त्याची रचना कोणास ठाऊक नाही म्हणून टिकून आहे, ते मुळात कुलूपच नव्हे.

आपल्या व्यवहारातील दाखला द्यायचा तर ग्रामसभेचा देता येईल. पंचायतीचा जमाखर्च ग्रामसभेपुढे ठेवला जातो. तो कोणीही पाहू शकतो, म्हणून कोणीही त्यात आकडे घालू शकतो असे होत नाही. लिहिण्याचा अधिकार ठराविक व्यक्तींचा, वाचण्याचा अधिकार सर्वांचा. मुक्तस्रोताचेही तसेच आहे. मसुदा जगाने वाचावा. त्यात बदल मात्र जबाबदार सांभाळकर्त्यांच्या तपासणीनंतरच स्वीकारले जातात.

परंतु येथेच एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. जमाखर्च वाचनास ठेवला आणि ग्रामसभेस गणपूर्तीच झाली नाही, तर त्या उघडेपणाचा उपयोग काय? एप्रिल २०१४ मध्ये 'ओपनएसएसएल' या मुक्तस्रोत आज्ञावलीत 'हार्टब्लीड' नावाचा गंभीर दोष सापडला. जगातील असंख्य संकेतस्थळे आपले व्यवहार सुरक्षित ठेवण्यासाठी तीवर विसंबून होती. दोष दोन वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर होता आणि कोणीही पाहिला नव्हता, कारण इतक्या महत्त्वाच्या कामाची जबाबदारी मोजक्या व्यक्तींच्या खांद्यावर होती. त्यानंतर मोठमोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन अशा कामांना निधी देण्यास आरंभ केला. तात्पर्य, उघडेपणा ही तपासणीची संधी आहे; ती आपोआप तपासणी नव्हे.

दुसरी शंका : घरभेद्याचे काय?

विश्वास तर पानिपतात गेला, असे आपण म्हणतो. बाहेरच्या चोरापेक्षा आतला माणूस फितूर झाला तर? ही भीती काल्पनिक नाही. २०२४ च्या मार्च महिन्यात 'एक्सझेड' या लहानशा पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या मुक्तस्रोत आज्ञावलीत कोणीतरी चोरदार बसविल्याचे उघडकीस आले. 'जिया तान' असे नाव धारण केलेल्या व्यक्तीने सुमारे दोन वर्षे निष्ठेने काम करून थकलेल्या सांभाळकर्त्याचा विश्वास संपादन केला होता आणि मग आपला डाव साधला. तो पकडला गेला कसा? आन्द्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्यास आपल्या संगणकावर दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, असे जाणवले. एवढ्याशा खटकण्यावरून त्याने मूळ मसुदा व त्याची बांधणी तपासली आणि २९ मार्च रोजी जगास सावध केले. बहुतांश लोक वापरतात त्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत ते विष पोहोचण्यापूर्वीच रोखले गेले.

या घटनेकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. मुक्तस्रोत प्रकल्पातही घरभेदी शिरू शकतो, हे तिने सिद्ध केले. त्याचबरोबर मसुदा उघडा होता म्हणूनच एका बाहेरच्या माणसास तो तपासता आला, हेही तिने दाखविले. आणि बंदिस्त आज्ञावली या धोक्यापासून मुक्त आहेत असेही नाही. मघाशी सांगितलेला 'नॉटपेट्या' हा युक्रेनमधील एका हिशेबाच्या व्यावसायिक आज्ञावलीच्या अद्ययावतीकरणातूनच पसरला होता.

लिनक्सला विषाणू लागत नाही, असेही एक वचन ऐकू येते. ते मनातून काढून टाका. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरक्षा-संशोधकांनी दाखवून दिले की, भारतीय शासकीय कार्यालयांतील 'बॉस' प्रणालीच्या वापरकर्त्यांना लक्ष्य करून विषारी ई-पत्रे पाठविली जात होती. जोडलेली फाइल दिसावयास साधी पीडीएफ. वस्तुतः ती हल्लेखोराची आज्ञावली चालविणारी होती. येथे दोष कुलपाचा नव्हता. चोरास आपणच दार उघडून देऊ, अशी ती योजना होती. तसेच फेब्रुवारी २०१६ मध्ये 'लिनक्स मिंट' या प्रणालीच्या संकेतस्थळात शिरून हल्लेखोरांनी अस्सल प्रतीच्या जागी भेसळयुक्त प्रतीचा दुवा ठेवला होता. म्हणून प्रणाली कोणाच्या तरी पेनड्राइव्हवरून न घेता अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावी आणि तिच्यासोबत दिलेला तपासणी-अंक ताडून पाहावा. बियाणे घेताना पिशवीवरील प्रमाणपत्राची खूण पाहतो, तशीच ही खूण होय.

तिसरी शंका : बिघडले तर जायचे कोणाकडे?

माझ्या मते तिन्ही शंकांत ही सर्वांत वजनदार आहे. तिचे उत्तर तर्काने नव्हे, अनुभवाने द्यावे लागते.

फ्रान्समधील 'जाँदार्मरी' हे ग्रामीण भागात कायदा व सुव्यवस्था राखणारे मोठे पोलीस दल. त्यांनी एका रात्रीत प्रणाली बदलली नाही. २००५ मध्ये प्रथम पत्रलेखन व तक्ते करण्याची मुक्तस्रोत साधने आणली, मग न्याहाळक बदलला, आणि माणसांचा हात त्यांवर बसल्यानंतर २००८ पासून उबुंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली आणण्यास सुरुवात केली. २०२४ पर्यंत त्यांचे लाखाच्या घरातील संगणक जवळजवळ पूर्णतः तीवर चालू लागले होते.

आपल्या देशात केरळने शाळांच्या बाबतीत हा मार्ग धरला. तेथील 'काइट' ही शासकीय संस्था शाळांसाठी स्वतंत्र लिनक्स प्रणाली तयार करते, शिक्षकांना प्रशिक्षण देते आणि दुरुस्तीची व्यवस्था पाहते. दोन लाखांहून अधिक संगणकांवर ही प्रणाली असून परवाना-शुल्कापोटी सुमारे तीन हजार कोटी रुपये वाचल्याचे या संस्थेने २०१९ मध्ये सांगितले होते. तेथे यश आले ते प्रणाली फुकट होती म्हणून नव्हे. शिक्षक आधी तयार झाले म्हणून.

याउलट जर्मनीतील म्युनिक शहराचा अनुभव आहे. तेथील नगरपरिषदेने २००३ मध्ये ठराव केला आणि २०१३ अखेर सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर आणले. तरीही २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा निर्णय झाला. इतर कार्यालयांशी कागदपत्रांची देवघेव करताना येणाऱ्या अडचणी, विस्कळीत संगणक-विभाग आणि बदललेले राजकीय नेतृत्व अशी अनेक कारणे त्यामागे होती. त्याच जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने मात्र २०२४ मध्ये सुमारे तीस हजार संगणकांसाठी मुक्तस्रोताचा मार्ग जाहीर केला. तेथेही आरंभ कचेरीच्या आज्ञावलींपासून आहे, प्रणालीचा क्रम नंतरचा.

भारत सरकारचे धोरणही आपणांस ठाऊक असावे. २०१५ मध्ये केंद्राने मुक्तस्रोत आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. अपवाद करावयाचा तर त्याचे सबळ कारण नोंदवावे लागते. ऑगस्ट २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालय आपल्या संगणकांवर उबुंटूवर आधारित 'माया' ही देशी प्रणाली आणीत असल्याचे वृत्त आले. संरक्षणासारख्या नाजूक खात्याने असा निर्णय घ्यावा यामागे बचतीपेक्षा वेगळा विचार आहे. ज्या यंत्रावर आपले कामकाज चालते, त्याची घडण आपल्याला तपासता आली पाहिजे, हा तो विचार होय. शिवाय एकाच वाणाची पेरणी सर्वदूर झाली की एक कीड सारे शिवार खाते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र द्यावे लागले, ते याच कारणाने.

आपण काय करावे?

माझे सांगणे असे नाही की उद्याच सर्व संगणक बदलून टाका. तसे करणे म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर घराचे छप्पर काढण्यासारखे होईल. आधी पाया, मग कळस.

सर्वप्रथम आपल्या कार्यालयातील अथवा शाळेतील संगणकांची यादी करा. कोणता कधी घेतला, त्यावर कोणती आवृत्ती आहे, कोणते काम होते, हे एका कागदावर आले की निम्मा निर्णय तेथेच होतो. दुसरे, आजच्या आज सर्व कागदपत्रांच्या प्रती काढा. एक प्रत संगणकात, दुसरी बाह्य डिस्कवर, आणि तिसरी कार्यालयाबाहेर सुरक्षित स्थळी. बाह्य डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवावी. जोडून ठेवलेली प्रत खंडणीखोर मूळ कागदपत्रांबरोबरच कुलूपबंद करतो. महिन्यातून एकदा तरी ती प्रत उघडून पाहावी. माझ्या नोकरीच्या काळात एका कार्यालयात प्रती काढल्या जात होत्या, पण उघडून कोणी पाहिल्या नव्हत्या. प्रसंग आला तेव्हा डिस्क रिकामी निघाली, आणि तीन वर्षांच्या नोंदी जुन्या वह्यांवरून पुन्हा टंकलिखित करण्यास दोन लिपिकांना सारा उन्हाळा लागला.

तिसरे, जुने मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणा. वेगवेगळ्या जुन्या फाँटांत टंकलिखित केलेला मजकूर दुसऱ्या प्रणालीवर निरर्थक अक्षरांसारखा दिसतो. युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कळफलक यांची सवय झाली की प्रणाली कोणतीही असो, मराठी तीच राहते. चौथे, विंडोजवरच 'लिब्रेऑफिस' वापरून पाहा आणि मग लिनक्स पेनड्राइव्हवरून, संगणकात काहीही न बदलता, चालवून पाहा. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, मुद्रक, स्कॅनर आणि बोटांच्या ठशांचे यंत्र ही चार साधने चालतात की नाही, याची खात्री होईपर्यंत कार्यालयाचा मुख्य संगणक बदलू नये. एखादे साधन चालत नसेल, तर त्या कामापुरता सुरक्षा-दुरुस्त्या मिळणारा एक विंडोज संगणक ठेवण्यात कमीपणा नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत अशी अडचण सहसा येत नाही. म्हणून आरंभ शाळेपासून करणे सोयीचे.

शेवटचे म्हणजे, प्रणाली कोणतीही असली तरी दुरुस्त्या वेळेवर घ्याव्यात, रोजचे काम व्यवस्थापकाच्या अधिकाराने करू नये, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्यास चिकटवू नये आणि अनोळखी ई-पत्राची जोडफाइल उघडू नये. तालुक्यात दोन-तीन तरी शिक्षक वा कर्मचारी असे तयार व्हावेत, की ज्यांच्याकडे अडलेला माणूस जाऊ शकेल. म्युनिक आणि केरळ यांच्या अनुभवात मला जो फरक दिसतो तो येथेच आहे.

आता सकाळच्या प्रश्नाकडे वळतो. फुकटच्या कुलपावर दप्तर सोपवावे काय? त्या सरपंचभगिनींना माझे उत्तर असे आहे की, कुलपाची किंमत पाहू नका. ते तपासता येते का, त्याची दुरुस्ती होते का आणि किल्ली कोणाच्या हाती राहते, हे पाहा. दुरुस्ती न होणाऱ्या महागड्या कुलपापेक्षा ज्याची देखभाल होते ते विनामूल्य कुलूप निश्चितच बरे. पण देखभाल करणारा माणूस नसेल, तर दोन्ही सारखीच. आपल्या आजोबांच्या पिढीने पुरात, वाळवीत आणि गळक्या छपराखाली गावाची दप्तरे बासनात बांधून आपल्यापर्यंत पोहोचविली. आपल्या वाट्याला आलेले बासन संगणकाचे आहे, एवढाच फरक. ते पुढील पिढीच्या हाती अक्षत जावे, यासाठी आपापल्या गावी परतल्यावर या आठवड्यात निदान संगणकांची यादी आणि कागदपत्रांची एक प्रत एवढी दोन कामे आपण कराल, अशी आशा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.